घरात बंदूक ठेवायची तर कायद्याच्या लेखी ‘सुरक्षित’ म्हणजे नेमकं काय?

टोटेवाला विचारतात:

परवान्याच्या दोन बंदुका आहेत. एक बारा बोअरची दुनळी, एक पॉइंट टू टूची बोल्ट ॲक्शन रायफल. सध्या दोन्ही कपड्यांच्या लाकडी कपाटात, वरच्या खणात, कपाटाला साधं कुलूप. घरात दोन मुलं, वय ७ आणि १३. कायदा वाचला की ‘सुरक्षित ताब्यात ठेवावे’, ‘अनधिकृत व्यक्तीच्या हाती लागू नये’ एवढंच कळतं. कपाट कसलं, पत्रा किती जाड, काडतुसं कुठे, यावर चकार शब्द नाही.

चार शंका आहेत. ट्रिगर लॉक, म्हणजे चापावर बसवायचं कुलूप, लावलं तर कपाट लागतं का? काडतुसं त्याच कपाटात चालतील का? किल्ली कुठे ठेवलीय हे बायकोला माहीत असलं तर चूक धरतात का? आणि कपाट भिंतीला ठोकलंच पाहिजे का? ‘हो’ किंवा ‘नाही’ नको, कारण हवं.

जुना_कारकून:

कायदा मोघम वाटतोय, कारण तो मोघमच आहे, आणि बऱ्याच ठिकाणी मुद्दाम तसा ठेवलाय. देशोदेशीचे नियम शेजारी ठेवून पाहिले तर दोन घराणी दिसतात. एक घराणं फक्त परिणाम सांगतं, दुसरं थेट कपाटच सांगतं.

ब्रिटन पहिल्या घराण्यातलं. तिथल्या १९९८ च्या नियमांतली अट एवढीच, की अनधिकृत माणसाच्या हाती लागू नये अशा बेताने, वाजवीपणे शक्य असेल तितकं, शस्त्र सुरक्षित ठेवावं. बीएस ७५५८ हे बंदुकीच्या कपाटाचं मानक तिथे कायद्याने सक्तीचं नाही. पण पोलीस पाहणीला आले की त्याच मापाने मोजतात, म्हणून लोक तेच कपाट घेतात. भारतातही १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम जबाबदारी परवानाधारकाच्या गळ्यात घालतात. परवान्याची अट मोडली तर कलम ३० लागतं, त्यात ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अशा कायद्यात ‘चोरांनी फोडून नेलं’ हा बचाव तेव्हाच उभा राहतो, जेव्हा काहीतरी फोडावं लागलेलं असतं. तुमच्या वरच्या खणाला चोर हात लावेल आणि खण उघडेल, फोडणं वगैरे काही नाही.

जर्मनी दुसऱ्या घराण्यातलं, आणि तिथे मोघमपणाला जागाच नाही. जुलै २०१७ पासून नवं कपाट घ्यायचं तर ते ईएन ११४३-१ या तिजोऱ्यांच्या युरोपीय मानकाच्या किमान शून्य दर्जाचं हवं. त्यात लांब नळीच्या बंदुका कितीही ठेवा. पिस्तुलं मात्र कपाटाचं वजन २०० किलोच्या आत असेल तर ५ आणि त्याहून जड असेल तर १०. अधिकारी कुठलाही संशय नसताना कपाट पाहायला येऊ शकतात. ही कडक पाहणी २००९ मधल्या विनेंडेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर आली. तिथलं पिस्तूल वडिलांच्या परवान्याचं होतं, शयनगृहात कुलपाबाहेर ठेवलेलं, आणि वडिलांना त्याबद्दल शिक्षा झाली.

ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या राष्ट्रीय करारात वजनाची रेघ आखली. साध्या रायफली आणि शॉटगन पोलादी किंवा कठीण लाकडाच्या पेटीत चालतात, पण रिकाम्या पेटीचं वजन १५० किलोपेक्षा कमी असेल तर ती जमिनीला किंवा भिंतीला जखडलीच पाहिजे. पिस्तुलांना पोलादी तिजोरीच लागते. काडतुसं बंदुकीपासून वेगळ्या, कुलूपबंद डब्यात. लाकूड चालतं हे वाचून खूश होऊ नका, प्लायवुडचं कपड्यांचं कपाट हे कठीण लाकूड नव्हे.

तुमच्या ट्रिगर लॉकच्या शंकेला सगळ्यात सरळ उत्तर कॅनडाच्या नियमांत मिळतं. साध्या लांब बंदुकीला तिथे पर्याय आहेत: बंदूक रिकामी, आणि तिला कुलूप लावलेलं किंवा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढून ठेवलेला, किंवा मग ती सहज फोडता न येणाऱ्या कुलूपबंद पेटीत वा खोलीत. पिस्तुलासारख्या प्रतिबंधित वर्गाला कुलूप आणि पेटी दोन्ही लागतात, किंवा खास त्यासाठी बांधलेली तिजोरी. काडतुसं हाताशी नकोत, पण ती स्वतः कुलपात असतील तर त्याच पेटीत चालतात. उलट अमेरिकेत घरात बंदूक कशी ठेवावी याचा देशभर लागू असा सर्वसाधारण नियमच नाही. २००५ च्या कायद्याने परवानाधारक विक्रेत्याने पिस्तुलासोबत कुलूप द्यायचं असतं, ते लावायचं की नाही हे राज्यावर. मॅसॅच्युसेट्समध्ये ते लावावं तरी लागतं किंवा बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवावी लागते.

म्हणजे ट्रिगर लॉक एका देशात पुरतं आणि दुसऱ्यात अजिबात पुरत नाही. कडक बाजूचा नियम पाळला तर बहुतेक ठिकाणी अडत नाही: बंदूक रिकामी, पोलादी कपाटात, कपाट जखडलेलं, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाकडे. आधी मात्र परवान्यावर छापलेल्या अटी वाचा. कायद्याच्या पुस्तकाआधी त्या तुम्हाला लागू होतात.

पोलादी_पत्रा:

कपाटाबद्दल लिहितो, कारण इथे लोक पैसे चुकीच्या जागी घालतात. जाड दारावर भाळतात आणि बोल्ट कसले मारलेत ते पाहत नाहीत.

अंगाचा पत्रा २ मिलिमीटरपेक्षा कमी नको. कार्यालयातल्या फायलींच्या कपाटाचा पत्रा ०.८ ते १ मिलिमीटरचा असतो, तो मोठ्या स्क्रूड्रायव्हरनेसुद्धा वाकतो. दाराची कड आत वळलेली हवी, म्हणजे फटीत पहार शिरत नाही. बिजागऱ्या बाहेर दिसत असतील तर त्या कापल्या तरी दार निघता कामा नये, त्यासाठी बिजागरीच्या बाजूला आतून पक्के खिळे किंवा पट्टी असते, ती आहे का ते दार उघडून बघा. कुलूप एकच असेल तर त्याने दांडे किमान दोन-तीन ठिकाणी सरकले पाहिजेत. एका जिभेवरचं उंच दार वरच्या कोपऱ्यात धरून वाकवलं की उघडतं. उंची रायफलपेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर जास्त घ्या आणि दुर्बीण बसवल्यावर लागणारी खोली मोजून घ्या. दोन बंदुका आहेत म्हणून दोनचंच कपाट घेऊ नका, दोनच्या कपाटात दुर्बिणीची रायफल आणि दुनळी एकमेकींवर घासतात.

आता जखडणं. रिकामं २५-३० किलोचं कपाट दोन माणसं उचलून नेतात आणि निवांत दुसरीकडे फोडतात. कायदा वजनाची रेघ का आखतो त्याचं हेच कारण. ईएन ११४३-१ च्या मानकातही १००० किलोपेक्षा हलक्या तिजोरीला जखडण्यासाठी भोक असावंच लागतं.

किमान चार बोल्ट मारा, १० मिलिमीटरचे. पाठीतून दोन वर, दोन खाली, आणि जमिनीत मारता आले तर आणखी चांगलं. काँक्रीटमध्ये प्रसरण पावणारा अँकर बोल्ट छान धरतो. विटेत तोच बोल्ट आवळला की वीट चिरते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. विटेच्या भिंतीला रेझिनचा रासायनिक अँकर घ्या, पोकळ विटेत त्यासोबत जाळीची नळी. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून आणि ब्रशने साफ करा. रेझिन भुकटीला चिकटतं, भिंतीला नाही, आणि हाताने ओढला तरी बोल्ट निघून येतो. रेझिन पुरतं वाळेपर्यंत नट आवळू नका, वेळ ट्यूबवर लिहिलेली असते. भिंतीच्या कडेपासून किमान १० सेंटिमीटर आत राहा. जिप्समच्या पोकळ भिंतीत मारलेला बोल्ट शोभेपुरता. तिथे मागचा खांब शोधा किंवा जमिनीत मारा. लाकडी जमीन असेल तर फळीत नको, खालच्या तुळईत.

कपाटाच्या पाठीमागे भिंतीचं स्कर्टिंग असतं, त्यामुळे पाठ आणि भिंत यांच्यात १-२ सेंटिमीटरची फट राहते. तशीच बोल्ट आवळली तर पाठ वाकते आणि दार अडकायला लागतं. फटीत लाकडी पट्टी सारून मग आवळा. ड्रिल मारण्याआधी भिंतीत तार किंवा पाण्याचा पाइप नाही ना ते बघा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आणि जागा? कोपरा. दोन्ही बाजूंना भिंत असली की पहारीला जोर लावायला जागाच उरत नाही. दाराच्या समोर, खिडकीतून दिसेल अशा जागी नको. जिन्याखालची कोंदट जागा लोकांना फार आवडते. तिथे चोर नाही पोचला तरी गंज पोचतो.

बोल्ट_उघडा:

कपाटात जाण्याआधी बंदूक ‘रिकामी’ म्हणजे काय, ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. क्रम महत्त्वाचा. आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढायचा. उलट केलं, म्हणजे आधी बोल्ट ओढला आणि मग मॅगझिन काढलं, तर चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीतलं, काडतूस बाहेर पडलं हे डोळ्याला दिसतं, पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत घेऊन जातो. बंदूक रिकामी समजून भरलेली कपाटात जाते. अर्धस्वयंचलित बंदुकांत हे सगळ्यात जास्त घडतं. बोल्ट मागे धरून चेंबरमध्ये उजेडात बघा, मग करंगळी घालून चाचपा. नळीखालच्या मॅगझिनची बंदूक असेल तर त्या नळीत अडकलेलं काडतूस दिसत नाही, आतला ढकलणारा तुकडा दिसेपर्यंत बघत राहा.

तुमची दुनळी उघडून नळी, दस्ता आणि पुढची मूठ असे तीन भाग होतात. पुढची मूठ वेगळ्या कुलपात ठेवली तर बंदूक धड जोडता येत नाही. पॉइंट टू टूचा बोल्टही असाच वेगळा ठेवता येतो. कायदा मागो न मागो, १३ वर्षांच्या मुलाच्या घरात हा दुसरा अडसर फुकटात मिळतो. बोल्टवर बंदुकीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधा. दोन रायफली असतील तर बोल्ट अदलाबदल होतात, आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या नळीशी जुळवलेला असतो.

ट्रिगर लॉकबद्दल: भरलेल्या बंदुकीला ते कधीच लावू नका. लावताना त्याची दांडी चापाच्या कडीतून जाते आणि आवळताना चापावर टेकू शकते. शिवाय बऱ्याच ट्रिगर लॉकमध्ये चाप थोडा हलायची जागा उरते. मला केबलचं कुलूप बरं वाटतं. ते उघड्या बोल्टमधून, चेंबर आणि मॅगझिनच्या वाटेतून ओवलं जातं, म्हणजे काडतूस आत जाऊच शकत नाही आणि बंदूक रिकामी असल्याचं लांबूनही दिसतं. पण केबल कापायला साधी पक्कड पुरते. मुलांसाठी उत्तम, चोरासाठी काहीच नाही.

दारूगोळा_नको:

काडतुसं बंदुकीसोबत ठेवू नयेत, कारण आग लागली तर ती गोळ्यांसारखी सुटतात आणि अख्खं कपाट उडतं.

बोल्ट_उघडा:

असं होत नाही. सुटं काडतूस आगीत फुटतं तेव्हा त्याला नळीचा आधार नसतो. पितळी कवच फाटतं, तुकडे उडतात, पण गोळीला फारसा वेग येत नाही. धोका असतो तो चेंबरमध्ये राहिलेल्या काडतुसाचा, तापून ते सुटलं तर पूर्ण जोराने, नळी ज्या दिशेला असेल तिकडे. म्हणून बंदूक रिकामी. काडतुसं वेगळी ठेवायला सांगतात त्याचं कारण आग नव्हे. एक कुलूप फुटलं किंवा एक किल्ली सापडली, तरी हाती चालणारी बंदूक पडू नये, हे कारण. म्हणूनच वेगळ्या डब्याला वेगळी किल्ली हवी, दोन्ही कुलपांना एकच किल्ली लागत असेल तर डबा वेगळा करून काय मिळवलं?

बंदुकीची सुटी दारू घरी काडतुसं भरण्यासाठी ठेवत असाल तर तो निराळा विषय. ती कधीही घट्ट पोलादी तिजोरीत कोंडू नका, दाब साचला की मग खरोखरच कपाट उडतं. मूळ डब्यात, दाब निघून जाईल अशा लाकडी पेटीत, आणि किती ठेवता येते ते तिथल्या नियमात बघून.

टोटेवाला:

खूपच उपयोगी, आभार. मग आकड्यांचं डिजिटल कुलूप घेतलं तर किल्लीचा प्रश्नच मिटतो ना?

किल्लीचा_जुडगा:

मिटत नाही, फक्त रूप बदलतं. बहुतेक डिजिटल कपाटांसोबत बॅटरी संपल्यावर उघडायची एक किल्ली येते. लोक कपाट बसवतात, आकडा पाठ करतात आणि ती किल्ली कपाटाच्या वर, टेबलाच्या खणात किंवा पाकिटासकट त्याच खोलीत सोडतात. पाहणीत सगळ्यात आधी हेच विचारतात.

किल्लीबद्दल जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाचा २०२३ चा निकाल वाचण्यासारखा आहे. परवानाधारक सुटीवर होता. बंदुकांचं कपाट पक्कं, पण त्याची किल्ली आकड्यांच्या कुलपाच्या एका साध्या पोलादी कपाटात. चोरांनी ते फोडलं, किल्ली घेतली आणि बंदुका नेल्या. न्यायालयाने म्हटलं की किल्ली ज्यात ठेवायची त्याचा दर्जा बंदुकीच्या कपाटाइतकाच हवा. (आधी हे कुठे स्पष्ट नव्हतं म्हणून त्या माणसाचा परवाना मात्र वाचला.) मग त्या दुसऱ्या कपाटाची किल्ली कुठे ठेवायची, असा खवचट प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्याचं उत्तर आकड्यांचं कुलूप, आणि आकडा फक्त डोक्यात.

आता तुमची बायको. परवान्यावर तिचं नाव नसेल तर ती कायद्याच्या नजरेत पाहुण्याइतकीच परकी. ब्रिटनमध्ये किल्लीची जागा घरच्यांना माहीत असणं हेच अनधिकृत हाती शस्त्र जाऊ देणं धरलं जाऊ शकतं. विश्वासाचा प्रश्न नाही हा. ज्याला माहीत नाही त्याला धमकावून काही काढून घेता येत नाही, असाही याला अर्थ आहे. दोघंही परवानाधारक असतील तर बऱ्याच ठिकाणी एकत्र कपाट चालतं.

किल्लीवालं कुलूप असेल तर किल्ली अंगावर बाळगा. अंगावर शक्य नसेल तेव्हा ती आकड्यांच्या कुलपात. फुलदाणी, पुस्तकांमागचा कप्पा, घड्याळाची पाठ या जागा मुलांना आईवडिलांपेक्षा आधी माहीत असतात. दुसरी किल्ली घराबाहेर, पण तीही बंद आणि परवानाधारकाच्या ताब्यात.

डिजिटल कुलपाची दोन दुखणी. एक, कारखान्यातून आलेला आकडा आणि मास्टर कोड असे दोन असतात, लोक पहिला बदलतात आणि दुसरा तसाच राहतो. माहितीपत्रकात छापलेला मास्टर कोड त्या मॉडेलच्या सगळ्या कपाटांना चालतो. दोन, बॅटरी. अल्कलाइनच घाला, वर्षातून एकदा बदला, चार्ज होणारी नको कारण तिचा दाब मुळातच कमी असतो आणि कुलूप अर्धवट सरकून अडकतं. आकडा बदलताना दार उघडं ठेवून तीनदा चालवून बघा, मगच बंद करा. एका बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या स्वस्त छोट्या पेट्या पिस्तुलासाठी विकतात, त्यांच्यातल्या काही परक्या बोटालाही उघडतात. घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघा आणि मग ठरवा.

तेलाची_बाटली:

पोलादी कपाट बंद राहिलं की आत दमट हवा कोंडते. आतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. वर गेली की नळीला गंज, फार खाली गेली की दस्त्याच्या लाकडाला चीर. छोटं हायग्रोमीटर आत चिकटवा, सिलिका जेलची पिशवी तळाशी ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, रंग उतरला की ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास तापवलं की पुन्हा चालतं. आगरोधक कपाटांच्या आत जिप्समचे थर असतात आणि ते ओल धरतात, तिथे हे दुप्पट लागू.

कातडी खोळीत किंवा फोमच्या पेटीत बंदूक महिनोन्महिने ठेवू नका, कातडं आणि फोम दोन्ही ओल धरून नळीला चिकटून राहतात. तेलाचा पातळ हात पुरे. जास्त तेल लावून बंदूक उभी ठेवली की ते हळूहळू खाली दस्त्यात झिरपतं आणि लाकूड मऊ पडतं. नळीचं तोंड खाली करून ठेवली तर हे टळतं. बाहेरच्या थंडीतून आत आणलेली बंदूक लगेच कपाटात नको, तिच्यावर दव धरतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुसा, मग कुलूप. तेवढा वेळ ती तुमच्या नजरेसमोर हवी, ‘वाळत ठेवलीय’ म्हणून टेबलावर सोडून जेवायला बसलात तर त्या अर्ध्या तासात कायदा मोडलेला असतो.

जुना_कारकून:

तीन कागदी गोष्टी राहिल्या. प्रत्येक बंदुकीचा क्रमांक, बोअर आणि फोटो असलेला कागद कपाटाबाहेर ठेवा. चोरी झाल्यावर पोलीस पहिल्यांदा क्रमांक मागतात, आणि कागद कपाटात असेल तर तो चोराकडे असतो. हरवल्याची खबर त्याच दिवशी द्या. ‘आधी घरात शोधतो’ म्हणून गेलेला आठवडा नंतर तुमच्याच विरुद्ध वाचला जातो.

महिना-दोन महिने घर बंद राहणार असेल तर कपाटावर विसंबू नका, परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.

तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. परवानाधारक वारला की त्याची बंदूक त्याच कपाटात, त्याच कुलपात असूनही घरच्यांच्या ताब्यात बेकायदा होते. भारतात शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि वारसाला ठरलेल्या मुदतीत ती परत मिळवण्याचा किंवा विकण्याचा हक्क राहतो, अर्थात परत घ्यायची तर आधी त्याच्या नावावर परवाना हवा. म्हणून किल्ली घरच्यांना माहीत नसावी, पण असं काही झाल्यास कोणाला बोलवायचं ते माहीत असावं. विक्रेत्याचं नाव आणि परवान्याची प्रत घरच्या कागदपत्रांत लावून ठेवा. कपाट मग विक्रेता आणि पोलीस समोर असताना उघडता येतं.